चार नवी पुस्तकं एकाच दिवशी काढावीत का, आणि प्रती किती छापाव्यात?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वेंगुर्ल्यातल्या तुमच्या गटात चौघांची पहिली पुस्तकं तयार आहेत. तुमचा मालवणी कथासंग्रह, एका बाईंच्या कविता, निवृत्त गुरुजींनी लिहिलेला वेंगुर्ले बंदराचा इतिहास आणि कॉलेज नुकतंच संपलेल्या एका मुलाच्या भूतकथा. प्रकाशकांच्या मागे न लागता आपापल्या पैशांनी छापायचं तुम्ही ठरवलंय. दिवाळीच्या आठवड्यात एकच समारंभ करून चारही पुस्तकांचं प्रकाशन, आणि प्रत्येकी हजार प्रती, कारण छापखान्याने हजारांना दर सर्वांत स्वस्त दिलाय. हजार हा आकडा बरोबर आहे का आणि पुढे विक्री कशी करायची, हे तुम्ही विचारलंय.

मी रत्नागिरीत अक्षरजुळणी, मांडणी आणि छपाई करून घेण्याची कामं करतो. माझ्याकडे येणारे बहुतेकजण तुमच्यासारखेच, स्वखर्चाने पुस्तक काढणारे असतात. संमेलनांत आणि वाचनालयांच्या कार्यक्रमांत त्यांच्या पुस्तकांचं टेबलही मी लावतो, त्यामुळे छापून झाल्यावर गठ्ठ्यांचं काय होतं तेही बघायला मिळतं.

तुमची खरी अडचण हजार की पाचशे ही नाही. चार पुस्तकांचे वाचक चार ठिकाणी आहेत, ते पुस्तक विकत घेतात त्या वेळा वेगळ्या आहेत, आणि तुम्ही चौघांना एकच तारीख आणि एकच आकडा लावताय. दर बघून प्रती ठरवल्या की पुस्तकं घरात राहतात. प्रत कुठून, कोणाच्या हातात जाणार हे आधी लिहून काढा, त्यावरून आकडा आपोआप निघतो.

आता यात परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग बराच आहे, तो आधीच सांगतो. घातलेले पैसे परत यायलाच हवेत का, की बाई म्हणतील ‘माझ्या हौसेला मी खर्च करतेय’? चौघांपैकी पिशवीत प्रती घालून दुकानोदुकानी फिरणारा कोणी आहे का? मुंबईत तुमची माणसं किती, आणि गावच्या मंडळाशी त्यांचा संबंध किती? आणि घरात कोरडी खोली आहे का? हा शेवटचा प्रश्न देशावरचा माणूस विचारणार नाही, पण आपल्याकडे तो पहिला. यांची उत्तरं वेगळी आली तर खाली दिलेले आकडे बदलतील, विचार करायची पद्धत तीच राहील.

आधी हजारांचा मोह बघू. ऑफसेटमध्ये, म्हणजे प्लेटा करून मोठ्या मशीनवर होणाऱ्या छपाईत, प्लेटा, मशीन लावणं, मुखपृष्ठ, जुळणी हा खर्च शंभर प्रतींना लागतो तेवढाच हजारांना लागतो. कागद, शाई आणि बांधणी मात्र दर प्रतीला वाढत जाते. म्हणून प्रती वाढवल्या की एका प्रतीचा दर उतरतो. समजा, १६० पानांचं डेमी आकाराचं पुस्तक आहे, म्हणजे सोळा पानी दहा फॉर्म (एका कागदावर छापून घडी घातलेल्या सोळा पानांचा एक फॉर्म). सोपा हिशेब म्हणून एकदाचा खर्च ३०,००० रुपये आणि दर प्रतीचा ५० रुपये धरू. ३०० प्रतींना ४५,००० लागतील, म्हणजे प्रत १५० ला पडली. १,००० प्रतींना ८०,००० लागतील, म्हणजे प्रत ८० ला. छापखानावाला तुम्हाला हा ८० चा आकडा दाखवतो, आणि त्यात तो खोटं काही बोलत नाही.

पण पुढचा हिशेब त्याने करायचा नसतो, तुम्ही करायचा असतो. किंमत २५० ठेवलीत. दुकानदार किंवा वितरक साधारण चाळीस टक्के घेतो, कधी त्याहून जास्त. तुमच्या हातात १५० येतात. २५० प्रती खपल्या, आणि पहिल्या पुस्तकाला हा आकडा वाईट नाही, तर ३७,५०० रुपये आले. ३०० छापल्या असत्या तर साडेसात हजार अंगावर पडले असते. १,००० छापल्या तर साडेबेचाळीस हजार अंगावर आणि ७५० प्रती माळ्यावर. ‘स्वस्त’ प्रत महाग पडते ती अशी. यातल्या १०० प्रती तुम्ही हातोहात, पूर्ण किमतीला विकल्यात तर चित्र आणखी सुधारतं. म्हणून वेंगुर्ले, शिरोडा, कुडाळ, सावंतवाडी या टापूत स्वतः विकलेली प्रत मी दुकानातल्या प्रतीपेक्षा मोलाची धरतो.

दोनशेच्या खाली प्रती हव्या असतील तर ऑफसेटच्या नादी लागू नका, डिजिटल छपाई करा. प्रतीमागे दर जास्त वाटेल, पण प्लेटांचा खर्च नाही आणि संपल्या की पुन्हा पन्नास काढता येतात. पोथी डॉट कॉम किंवा नोशन प्रेससारख्या ठिकाणी मागणीनुसार एकेक प्रतही छापून मिळते. बाहेरगावच्या तुरळक मागणीला ते बरं, पण टेबलावर मांडायच्या प्रती तिथून घ्यायच्या तर वाहतुकीसकट दर ताडून बघा.

आता एकेक पुस्तक घेतो.

मालवणी कथांचा वाचक दोन ठिकाणी आहे: सिंधुदुर्गात आणि मुंबई-ठाण्याच्या उपनगरांत. त्यातला दुसरा जास्त हळवा असतो आणि खरेदीही जास्त करतो. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. मालवणी बोलणारे भरपूर आहेत, मालवणी वाचायची सवय असलेले त्या मानाने फार थोडे. ‘इलो’ की ‘ईलो’, ‘माका’ की ‘माकां’, ‘जाता’ की ‘जातां’, हे तुम्ही पुस्तकभर एकाच पद्धतीने ठेवलं नाही तर वाचणारा दर ओळीला अडखळतो आणि दुसऱ्या गोष्टीपर्यंत पोचतच नाही. शब्दांची एक वही करा, तिच्यात प्रत्येक अडचणीच्या शब्दाचं एकच रूप लिहा आणि जुळणी करणाऱ्याला ती वही द्या. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद मालवणीत ठेवायचे की सगळंच मालवणीत, हा तुमचा प्रश्न. विक्रीच्या बाजूने विचाराल तर पहिली पद्धत सोपी, पण ज्याची गोष्टच गजालीच्या सुरात आहे त्याने ती मोडून प्रमाण भाषेत आणू नये. मग दुसरा उपाय करा: दोन गोष्टी स्वतःच्या आवाजात वाचून त्यांचं ध्वनिमुद्रण व्हॉट्सअ‍ॅपवर सोडा. मालवणी कानाने पटकन पोचते. ऐकून हसलेला माणूस पुस्तक मागतो, हे मी टेबलामागे उभं राहून पाहिलेलं आहे.

या पुस्तकाचा हंगाम कोणता? सगळे म्हणतात गणपती, चाकरमानी गावी येतात म्हणून. येतात, पण त्या दिवसांत त्यांना दम कुठे असतो? आरती, पाहुणे, भजनाची डबलबारी आणि परतीच्या गाडीची चिंता. पुस्तक बाजारात असू द्या, समारंभ मात्र मे महिन्यात करा. पोरांना सुट्टी असते, संध्याकाळी खळ्यात माणसं निवांत बसलेली असतात, वाचन ठेवलंत तर वाडी जमते. मुंबईतल्या गावमंडळांची स्नेहसंमेलनं बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात. तिथे पाच मिनिटं वाचायला मागा आणि दाराशी टेबल लावा. मे महिन्यातल्या छपाईच्या पहिल्या ३०० प्रतींनी सुरुवात करा. मंडळांची मागणी दिसली की हिवाळ्याआधी आणखी छापता येतील.

कवितांबद्दल कडू वाटेल ते सांगतो. कवितासंग्रह विकत घेणारे बहुतेक स्वतः कविता लिहिणारे असतात, आणि ते विकत घेण्यापेक्षा आपला संग्रह देऊन तुमचा घेतात. मंगेश पाडगावकरांच्या जन्मगावी हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण हिशेब तोच. १०० ते १५० प्रती, डिजिटल, कागद चांगला, मुखपृष्ठ साधं. मात्र बाईंनी छापायची घाई अजिबात करू नये, कारण राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ती पहिल्या पुस्तकाच्या हस्तलिखितासाठी असते. छापून झालेलं पुस्तक त्यात बसत नाही. म्हणजे क्रम असा: आधी तिथे हस्तलिखित पाठवायचं, निकाल बघायचा, मग छापखान्याचं दार. वेळ जातो खरा. पण निवड झाली तर पैशाचा आधार मिळतो आणि कोणीतरी परक्याने कविता वाचून पसंत केल्या, हे समाधान समारंभातल्या शाल-श्रीफळापेक्षा मोठं. तुमच्या कथांनाही ही योजना लागू होऊ शकते, ते बघा.

गुरुजींच्या इतिहासावर मी जास्त लिहिणार आहे, कारण चौघांत सर्वांत जास्त वर्षं चालणारं पुस्तक ते आहे आणि सर्वांत जास्त काळजीने काढायला हवं तेही तेच. कथासंग्रह दोन वर्षांत जुना होतो. बंदराचा इतिहास वीस वर्षांनीही कोणीतरी शोधत येतो, मग तो संशोधक असो, पत्रकार असो, की मुंबईतला एखादा वेंगुर्लेकर ज्याला आजोबांच्या गलबताबद्दल काही सापडतंय का ते बघायचंय. त्या माणसाला पुस्तक अख्खं वाचायचं नसतं, त्यातलं एक नाव शोधायचं असतं. म्हणून शेवटी सूची हवीच: व्यक्तींची, ठिकाणांची, देवळांची. सूचीमुळे पानं वाढतात म्हणून ती गाळणारे लेखक मला भेटतात, आणि त्यांच्याशी मी भांडतो.

दुसरं, आधार. डच वखारीबद्दल किंवा बंदरातल्या व्यापाराबद्दल गुरुजींनी जे लिहिलंय ते कुठून घेतलं, हे त्या त्या पानावर हवं. १८८० सालच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड रत्नागिरी आणि सावंतवाडीचा आहे. त्यात वेंगुर्ल्याची माहिती सापडेल, आणि इतका जुना मजकूर वापरायला हक्काची अडचण नाही. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीची बरीच कागदपत्रं रत्नागिरी जिल्ह्याच्या नावाखाली नोंदलेली असतात. गुरुजींना हे ठाऊक असणारच, पण वाचकासाठी प्रस्तावनेत दोन ओळी लिहा. मलपृष्ठावर आणि ऑनलाइन वर्णनात ‘वेंगुर्ले’, ‘सिंधुदुर्ग’ आणि ‘रत्नागिरी’ ही तिन्ही नावं येऊ द्या, कारण शोधणारा कुठल्या नावाने शोधेल ते सांगता येत नाही.

तिसरं, फोटो. घराघरांतल्या अल्बममधले जुने फोटो गोळा केले असतील. प्रत्येकाकडून ‘पुस्तकात छापायला हरकत नाही’ असं एका ओळीचं लेखी घ्या. गावातलीच माणसं, कशाला लिहून घ्यायचं, असं वाटतं. पुस्तक आल्यावर ज्याचं नाव राहून गेलं तोच आधी भांडायला येतो. कोणाच्या पुस्तकातून नकाशा किंवा लांबलचक उतारा घेतला असेल तर परवानगी मागा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, त्यामुळे ‘ते तर केव्हाच गेले’ एवढ्याने काम भागत नाही. हाच नियम इतर तिघांनाही. कथेत सिनेमाच्या गाण्याच्या चार ओळी टाकायच्या असतील तर त्या काढून टाकणं सर्वांत सोपं.

आणि चौथं, पहिली आवृत्ती मुद्दाम छोटी ठेवा. स्थानिक इतिहास बाहेर पडला की चुका सांगणाऱ्यांची रांग लागते: अमक्या घराण्याचं मूळ गाव चुकलं, तमका खलाशी धाकटा भाऊ होता, देवळाचा जीर्णोद्धार दोन वर्षं आधीचा. त्यातल्या निम्म्या खऱ्या असतात. २०० प्रती काढा, वर्षभर चुका गोळा करा, मग सुधारून वाढवलेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या ५०० काढायचं धाडस करा. गुरुजींना हे पटेल. पहिल्याच झटक्याला हजार छापले तर त्या चुका हजार प्रतींत कायमच्या बसतील.

याचा खरेदीदार मुख्यतः वाचनालयं. राज्यात अकरा-बारा हजार शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांची. ‘ड’ वर्गाच्या गावातल्या ग्रंथालयाकडे पुस्तकांसाठी पैसे बेताचेच असतात, त्यामुळे सगळी आपली पुस्तकं घेतील अशी स्वप्नं बघू नका. पण आपल्या पट्ट्यातल्या जुन्या संस्थांना आपल्या भागाचा इतिहास हवाच असतो. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. तिथे पत्र पाठवण्याऐवजी प्रत घेऊन जा, ग्रंथपालांना भेटा. अनुदानाचा हप्ता आला की खरेदी होते, त्यामुळे जानेवारी ते मार्च हे दिवस चांगले. ग्रंथालय संचालनालय दरवर्षी शासनमान्य ग्रंथांची यादी काढतं. तिच्यात नाव यायला प्रती पाठवाव्या लागतात, ते करा. वाचनालय खरेदीच्या वेळी ती यादी बघतं. दुसरा खरेदीदार पर्यटक. मालवणला किल्ला बघायला येणारा माणूस काजू, कोकम आणि खाजा घेऊन जातो. त्याच दुकानाच्या गल्ल्याजवळ पाच प्रती ठेवायला सांगा. ही जागा पुस्तकाच्या दुकानापेक्षा जास्त विक्री देऊ शकते, कारण तिथे शेजारी दुसरं पुस्तक नसतं.

भूतकथांच्या मुलाला सांगा, तुझा वाचक मोबाईलवर आहे. त्याचं पहिलं पुस्तक छापील नसलं तरी चालेल. किंडलवर मराठी ई-पुस्तक लेखकाला स्वतः चढवता येतं. त्याने कथा आधीच प्रतिलिपीसारख्या ऑनलाइन कथावाचनाच्या ठिकाणी भागाभागाने टाकल्या असतील तर एक अट बघून ठेवावी. अ‍ॅमेझॉनच्या ‘केडीपी सिलेक्ट’ योजनेत पुस्तक घातलं तर ९० दिवस ते डिजिटल स्वरूपात दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, फुकटसुद्धा नाही. छापील प्रतीला ही अट नाही. म्हणजे आधी ठरवायचं: फुकट वाचक गोळा करायचे की पैसे देणारे. मी त्याच्या जागी असतो तर चार कथा उघड्यावर ठेवल्या असत्या आणि बाकीच्या पुस्तकासाठी राखल्या असत्या. आणि हे पुस्तक दिवाळीत कशाला? आषाढात काढा. वीज गेलेली, कौलांवर पाऊस, बाहेर बेडूक ओरडतायत, अशा वेळी भूतकथा विकत घ्यायला माणूस तयारच असतो. ई-पुस्तक असल्यामुळे पावसाची भीतीही नाही.

त्यावरून एक तांत्रिक गोष्ट. चौघांची जुळणी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाईल-संगणकावर तशीच दिसणाऱ्या अक्षरांत, आहे का? बऱ्याच छापखान्यांत अजून जुने फॉन्ट चालतात. त्यांत केलेलं पुस्तक छापायला उत्तम दिसतं, पण तोच मजकूर ई-पुस्तकात नेला की अक्षरांची नुसती रांगोळी होते. मग सगळं रूपांतर करून पुन्हा मुद्रितशोधन. आत्ताच युनिकोडमध्ये करून घ्या, आणि काम झाल्यावर छापखान्याकडून नुसती पीडीएफ नको, मूळ फाइल मागा. पैसे चुकते करायच्या आधी मागा.

दिवाळीविरुद्ध माझं काय आहे तेही सांगतो. मराठी वाचकाचं त्या महिन्याचं वाचनाचं बजेट दिवाळी अंकांत जातं. ही सवय लावणारे ‘मनोरंजन’ मासिकाचे का. र. मित्र, मूळ आडनाव आजगावकर, म्हणजे तुमच्याच शेजारचे. १९०९ साली त्यांनी दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून ऑक्टोबर-नोव्हेंबर अंकांचा झाला. छापखानेही त्याच गर्दीत असतात, तुमच्यासारख्या छोट्या कामाला तेव्हा कोणी नीट वेळ देत नाही. शिवाय वर्षअखेरीचा मुद्दा आहे. राज्य शासनाचे यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कार जानेवारी ते डिसेंबर या वर्षात प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांना असतात आणि त्यांत पहिल्या पुस्तकांसाठी वेगळे विभाग आहेत. कवितेला बहिणाबाई चौधरींच्या नावाचा, लघुकथेला ग. ल. ठोकळांच्या. डिसेंबरात घाईने छापलेलं, चुका राहिलेलं पुस्तक त्या वर्षाच्या स्पर्धेत शेवटच्या क्षणी उतरतं. तेच जानेवारीत निवांत काढलं तर प्रवेशिका भरायला अख्खं वर्ष हातात राहतं. म्हणून इतिहास जानेवारीत, मालवणी कथा मे महिन्यात, भूतकथा आषाढात आणि कविता नवलेखकचा निकाल लागल्यावर, असा मी क्रम लावेन.

एकत्र समारंभाची हौस असेल तर दिवाळीत जरूर जमा. चौघांनी दहा-दहा मिनिटं वाचा, पुस्तकं येतायत असं जाहीर करा आणि वहीत आगाऊ नावं लिहून घ्या. ‘मला एक प्रत’ म्हणणारे किती आणि जागेवर क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देणारे किती, यातला फरक तुम्हाला कुठल्याही छापखान्यापेक्षा अचूक आकडा सांगेल. चार पुस्तकं एकदम टेबलावर आली की माणूस ओळखीच्या एका लेखकाचं घेतो आणि बाकी तिघांना ‘नंतर घेतो हां’ म्हणतो. तो नंतर येत नाही.

समारंभाच्या बातमीवरही फार विसंबू नका. बातमीत पाहुण्यांची नावं येतात, पुस्तकात काय आहे ते येत नाही. स्वतः दीडशे शब्दांचं टिपण लिहून द्या. पुस्तक कशाबद्दल आहे, कुठे मिळेल आणि कोणत्या नंबरवर मागवायचं, एवढं त्यात असू द्या.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, आत्ताच मागून ठेवा. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो विनामूल्य देते, अर्ज ऑनलाइन होतो, लेखकाला स्वतःच्या नावानेही घेता येतो. काहीजण ‘आयएसबीएन मिळवून देतो’ म्हणून पैसे घेतात, ते फक्त फॉर्म भरायचे. दुसऱ्याच्या नावावरचा क्रमांक घेतलात तर नोंदीत प्रकाशक म्हणून तोच राहतो, हे समजून घ्या. छापील पुस्तकाचा आणि ई-पुस्तकाचा क्रमांक वेगळा. प्रकाशित झाल्यावर तीस दिवसांत राष्ट्रीय ग्रंथालय, कोलकाता इथे आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय आणि चेन्नईचं कॉनेमारा इथे एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. १९५४ चा कायदा आहे. या चार प्रती हिशेबात धरा.

टपालाचंही सोपं झालंय. १ मे २०२५ पासून पुस्तकं पाठवायला पोस्टाची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर कर, पाच किलोपर्यंत १००. १६० पानांचं डेमी पुस्तक सत्तर जीएसएम (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम) कागदावर दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे पाकिटासकट पहिल्याच टप्प्यात बसतं. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं लागतं आणि आत जाहिराती चालत नाहीत. तेव्हा शेवटच्या पानावर मेव्हण्याच्या हॉटेलची जाहिरात घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या. बाकी अटी वेंगुर्ल्याच्या पोस्टात विचारून घ्या.

दुकानात प्रती ‘विकल्या तर पैसे’ या बोलीवर राहतात. प्रत्येक दुकानाचं चलन करा: तारीख, प्रती, टक्केवारी, सही. तीन महिन्यांनी जाऊन हिशेब घ्या. सही नसेल तर दुकानदार बदलल्यावर किंवा मुलगा गल्ल्यावर बसल्यावर त्या प्रती कोणाच्या हे कोणालाच आठवत नाही. परत आलेल्या प्रतींपैकी काही मळलेल्या असणार, त्या वाचनालयांना भेट द्या.

आणि साठवण. आपल्याकडे जून ते सप्टेंबर गठ्ठे घरात असतील तर त्यांची सेवा करावी लागते. मुखपृष्ठाला बाहेरून लॅमिनेशन असतं, आतली बाजू उघडी. ती हवेतली ओल पिते आणि मुखपृष्ठ वर वळतं. मग बुरशीचे ठिपके, मग कसर, आणि जमिनीला टेकलेला गठ्ठा असेल तर वाळवी. गठ्ठे फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. कौलारू घराचा माळा टाळा, कारण एक कौल सरकलं की वरचा गठ्ठा गेला. छापखान्याला पाच-पाच प्रती प्लास्टिकात बंद करून द्यायला सांगा, पण बांधणीनंतर डिंक नीट सुकू दिल्यावरच. नदीकाठच्या तळमजल्यावर तर काहीच नको. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या जुन्या संस्थेची पुस्तकं भिजली, तिथे आपल्या खोक्यांची काय कथा. मे महिन्यातल्या तुमच्या कथासंग्रहाबद्दल मी ३०० च्या वर जाऊ नका म्हणतोय ते यामुळेही: महिन्याभरात पाऊस सुरू होतो, आणि तोवर निम्म्या प्रती लोकांच्या घरी गेलेल्या बऱ्या.

आता तुमच्याकडून चार गोष्टी कळवा: प्रत्येक हस्तलिखिताची शब्दसंख्या, जुळणी कोणत्या फॉन्टमध्ये झालीय, गुरुजींच्या पुस्तकात फोटो किती आणि त्यातले रंगीत किती, आणि मुंबईतल्या किती मंडळांशी तुमचा प्रत्यक्ष संपर्क आहे. फॉर्म किती होतील आणि डिजिटल की ऑफसेट, ते त्यावरून प्रत्येक पुस्तकाचं वेगळं काढून देतो. छापखान्याला आगाऊ रक्कम दिली नसेल तर तोवर देऊ नका.